नाव ठेवणारी

परळ, भोईवाडा
१४ मार्च १९८२

दिवोरास,

हे पत्र मी आपणहून लिहीत नाही. तुझे भावोजी समोर बसून ‘लिही, लिही’ म्हणत होते म्हणून कागद घेतला. आता ते उठून नाक्यावर गेलेत. म्हणजे यापुढचं माझं.

तू इस्रायलला गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. सुरुवातीला तुझी पत्रं यायची, मी उत्तर देत नव्हते. मग ती थांबली आणि मला जास्तच राग आला. एवढ्यात दमलीस?

इकडे जानेवारीपासून गिरण्या बंद आहेत. संप. आमची एकटीच नाही, लालबाग-परळच्या सगळ्याच. पहिला महिना गंमतीत गेला, सणासारखा. आता चाळीतले कोकणातले लोक एक एक करून गावाला निघालेत. आपल्याला कुठलं गाव? बाबांचं वाकरूळ, तिथं आता आपलं म्हणायला चार कबरी. हे दिवसभर घरात असतात. स्टोव्ह घासतात, घासलेला परत घासतात. केसांत आता कापूस नसतो. पंचवीस वर्षं मी ह्यांच्या केसातला कापूस वेचला, वैतागून वेचला. परवा सवयीनं हात गेला तर खरोखरचे पांढरे केस हाताला लागले.

नाव आयझॅक. आपल्या यहुदी मशिदीत प्रार्थना म्हणवणारे हज्जान सांगायचे, याचा अर्थ ‘तो हसेल’. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून शास्त्रातली साराबाई हसली, म्हणून पोराचं नाव तसं पडलं. आमच्या आयझॅकला हसताना बघून मला किती दिवस झाले ते मी सांगत नाही.

तर काम असं. तुझ्या डॅनियलच्या कारखान्यात कापडच विणतात ना? ह्यांचं म्हणणं, दिवोरानं तिकडून नात्याचा कागद पाठवला तर तिकडे जायला इथल्या दप्तरात सोपं जाईल. साचेखात्यात आयुष्य गेलंय, कुठलाही माग द्या, चालवतील. हे मी त्यांचे शब्द लिहिले. माझा शब्द यात एकही नाही.

तुझा मुलगा बरा असेल.

बघ, हे एवढं वाक्य लिहायला मला पेन खाली ठेवावं लागलं. दिवोरा, ते नाव माझं होतं. तुला ठाऊक होतं. मशिदीत हन्नाची गोष्ट वाचायचे तेव्हा तू माझ्या मांडीवर झोपायचीस, पण कान उघडे असायचे तुझे. हन्नाला मूल नाही, सवत पनिना टोचून टोचून बोलते, हन्ना देवळात नुसते ओठ हलवून मागते आणि म्हाताऱ्या याजकाला वाटतं की बाई प्यायलीय. मग तिला मुलगा होतो. त्याचं नाव ती शमुवेल ठेवते, कारण तो देवाकडे मागितलेला. माझं नाव हन्ना. माझं लग्न झालं त्या दिवसापासून आजी म्हणायची, हिला शमुवेलच होणार. मी तर कोकणातल्या खंडाळ्याला प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या जागी नवस केला होता. बोटीनं रेवसला, तिथून पुढे एसटीनं. दर वर्षी. गोड पोह्यांचा मलिदा करून न्यायचे, तू सोबत यायचीस, खोबऱ्याचे तुकडे वेचून खायचीस.

आणि मग तुलाच झाला. झाला त्याचं मला काही नव्हतं, खरंच सांगते, म्हणजे होतं, पण गिळण्याइतकं होतं. आठव्या दिवशी, सुंतेच्या वेळी, मी मशिदीच्या माडीवर बायकांत उभी होते. खाली हज्जानांनी नाव विचारलं आणि तुझा नवरा म्हणाला, ‘शमुवेल’. माडीवरच्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. माझ्या हातात मलिद्याचं ताट होतं. मी ते सरळ धरलं, एक पोहा सांडला नाही. त्या दिवशी माझ्याकडून तेवढंच चांगलं झालं.

त्यानंतर तुझं बाळंतपण माझ्याच खोलीत मी केलं. तुझ्या पोराला न्हाऊ घातलं, टाळू भरली, धुरी दिली. तो सहा वर्षांचा झाल्यावर तुम्ही त्याला घेऊन गेलात, तोवर मी त्याला ‘बाळ्या’ म्हणत होते. एकदाही नावानं हाक मारली नाही. तू कधी विचारलं नाहीस का ते.

कागद पाठवायचा तर पाठव.

हन्ना


परळ
२ सप्टेंबर १९८२

दिवोरास,

तुझं पत्र पोचलं. फोटोही पोचला. पडदे छान आहेत. फ्रीज मुद्दाम मागे घेतलास की तो जिथं तिथं दिसतोच? मुलगा उंच झालाय. कान आपल्या बाबांचे आहेत.

कागद पाठवतेस म्हणून लिहिलंस, त्याबद्दल तुझ्या भावोजींनी आभार कळवलेत.

आता त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. तू लिहितेस, ‘बाय, तुला एक गंमत सांगते, तुझा राग जाईल.’ तिकडे हिब्रूच्या वर्गात तुला मास्तरणीनं सांगितलं म्हणे की शमुवेलचा अर्थ ‘मागितलेला’ असा नाहीच. शब्द उकलला तर ‘देवाचं नाव’ असं काहीतरी होतं, नाहीतर ‘देवानं ऐकलं’. ‘मागितलेला’ म्हणजे शाऊल. गोष्ट शमुवेलची, पण अर्थ शाऊलचा. वर लिहितेस, ‘तेव्हा तुझ्या मनातलं नाव मी घेतलंच नव्हतं, ते अजून तुझंच आहे.’

वा ग वा.

म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या नावावर रडले का? आधी नाव नेलंस. आता त्याचा अर्थही तुझ्या मास्तरणीकडून काढून घेतलास आणि मला दुसरंच नाव हातावर ठेवतेस, बोहारणीनं जुन्या लुगड्यावर वाटी द्यावी तसं. अठ्ठेचाळीस वर्षांची झाले मी. शाऊल घेऊन काय करू?

तुझं पत्र घेऊन मी हज्जानांकडे गेले. म्हातारे झालेत, डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणाले, ‘दिवोराची मास्तरीण बरोबर सांगते.’ मी उठायला लागले तर म्हणाले, ‘बस ग. गोष्टीतल्या हन्नालाही हे माहीत असेलच. तिची बोली होती ती. पण ज्या बाईला इतक्या वर्षांनी मूल होतं ती काय व्याकरण सोडवत बसते? तिला जे वाटलं ते तिनं नावात भरलं. नाव भांड्यासारखं असतं, भरणाऱ्यावर आहे.’

तेव्हा तुझी मास्तरीण बरोबर आणि मीही बरोबर. नाव माझंच होतं.

तिकडे सगळ्यांना सगळ्यांच्या नावाचे अर्थ कळतात ना? भाजीवाल्यालासुद्धा? माझ्या नावाचा अर्थ कृपा. कुणी विचारलं की तुमच्या बहिणीचं नाव काय, तर सांगत असशील, हन्ना. आणि ते म्हणत असतील, वा, कृपा. कुणावर ते विचारत नाहीत का कधी?

शेवंता हाक मारतेय. शेजारची शेवंता, तुझ्या वेळी नवी नवरी होती ती. नवरा दगडू गावाला गेला आंब्याची कलमं बघायला, ही दादरच्या ऑफिसांत जेवणाचे डबे देते. मी तिला मदत करते. कोळंबीला हात लावत नाही म्हणून सांगून ठेवलंय, खवल्यांची मासळी तेवढी साफ करते. ती हसते. म्हणते, ‘तुमचो देव मासळेची खवलाय मोजता?’

हन्ना


परळ
२० फेब्रुवारी १९८३

दिवोरा,

तुझे भावोजी आता तुझ्या घरी पोचले असतील. त्यांना ऊन बाधतं, पण ते सांगणार नाहीत. पाण्यात लिंबू घालून दे.

मी का नाही आले ते तू विचारशीलच. सगळे विचारतात. कागद दोघांचा होता. तुझ्या घरात, तुझ्या पडद्यांमागे, तुझ्या फ्रीजमधलं पाणी पिऊन राहायचं आणि रोज जेवायला बसताना त्या नावानं कुणी कुणाला हाक मारायची, हे मला झेपलं नसतं. मी ह्यांना सांगितलं, तुम्ही पुढे व्हा, बघा, मग मी येते. त्यांनाही कळलं की मी येणार नाही. आम्ही दोघांनी ते खरं असल्यासारखं केलं.

सहार विमानतळावर शेवंता आणि मी सोडायला गेलो. आत जायच्या आधी ह्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, काही गोड बोलतील. शेवंता शहाणी, ती लांब जाऊन उभी राहिली.

म्हणाले, ‘हन्ना, आता मी तिच्या घरी राहायला चाललो, तर हे मनात ठेवून जेवण जाणार नाही. नाव दिवोरानं नाही घेतलं. मी दिलं.’

मी म्हटलं, ‘कसलं नाव?’ ठाऊक असून म्हटलं.

‘पोर माझ्या मांडीवर होतं. आठव्या दिवशी. डॅनियल माझ्या कानाशी वाकला, म्हणाला, भावोजी, आम्ही योसेफ ठरवलंय, बरं ना? आणि मी त्या पोराकडे बघितलं. दहा वर्षं आपण वाट बघत होतो, हन्ना. मला वाटलं, आता आपल्याला होत नाही. तर हे नाव नुसतं पडून कशाला राहू दे. मीच म्हटलं, शमुवेल ठेव. तो नको म्हणत होता. म्हणाला, ताईंना लागेल. मी म्हटलं, तिला मी सांगतो.’

‘सांगितलं नाहीत.’

‘नाही.’

‘एकोणीस वर्षं.’

‘तू बहिणीवर रागावलीस ते मला सोसत होतं. माझ्यावर रागावली असतीस तर आपण एका खोलीत कसे राहिलो असतो?’

मग त्यांना आत बोलावलं. मी हातसुद्धा हलवला नाही. हलवला असं त्यांनी तुला सांगितलं असेल तर ते माझी लाज राखतायत.

दिवोरा, म्हणजे तुला हे ठाऊक होतं. डॅनियलनं तुला तेव्हाच सांगितलं असणार. आणि तू गप्प राहिलीस, माझ्या हातचं डिंकाचं पाणी प्यायलीस, माझे टोमणे ऐकलेस, आणि माझा संसार मोडू नये म्हणून चोर ठरून गेलीस. खरं तर मी इथं तुझे पाय धरायला हवेत.

पण मला तुझा अजूनच राग आला. इतका चांगुलपणा तू माझ्यावर केलास आणि मला पत्ताही लागू दिला नाहीस. आधी मूल तुझं होतं, नाव तुझं होतं. आता मोठेपणाही तुझाच. मला धाकट्या बहिणीपेक्षा लहान करून ठेवलंस. इतक्या वर्षांचा राग असा एका मिनिटात सोडून देता येत नाही. घरात दुसरं काही उरलेलंही नाही.

त्यांना बिरडं आवडतं. वाल तिकडे मिळतात का?

हन्ना


परळ
९ नोव्हेंबर १९८३

दिवोरा,

दोन पत्रं आली, एक तुझं आणि एक ह्यांचं. दोन्ही एकाच लखोट्यात घातलीत. बरं केलंत, तिकीट वाचलं.

ह्यांच्या पत्रात तुझं सहा ठिकाणी नाव आहे. दिवोरानं बिरडं केलं. दिवोरा म्हणते, खोकल्यासाठी डॉक्टर बघू. दिवोराच्या गॅलरीतून वाळवंट दिसतं. सुट्टीच्या दिवशी शमुवेल लष्कराच्या बरॅकमधून घरी येतो, आम्ही पत्ते खेळतो. आणि तुझ्या पत्रात तू लिहितेस, ‘बाय, भावोजी काय हसतात! परवा शमुवेलनं त्यांची नक्कल केली तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. तू सांगायचीस ना, नावाप्रमाणे वागत नाहीत, तर आता वागतात.’

हे तू चांगल्या मनानं लिहिलंस. माहीत आहे मला. म्हणूनच वाचवत नाही.

माझ्याकडे हसत नव्हते ते. ज्या माणसाचं नावच हसणं, तो माझ्या खोलीत पंचवीस वर्षं गप्प बसून स्टोव्ह घासत होता, आणि तुझ्याकडे आठ-नऊ महिन्यांत डोळ्यांतून पाणी. मग मी काय होते? त्याच्यावर ठेवलेलं झाकण?

शेवंतासमोर रडले. एरवी मी कुणासमोर रडत नाही. ती वांगी चिरत होती, सुरी खाली ठेवून म्हणाली, ‘हन्नाबाय, रडतास कित्याक? घोव हसता म्हणान?’ मी म्हटलं, ‘दुसरीकडे हसतो म्हणून.’ तिनं सुरी उचलून आणखी एक वांगं चिरलं. मग म्हणाली, ‘माझो गावाक जाऊन गप्प झालो. तुमचो थंय जाऊन हसाक लागलो. गिरणीन ह्यांका इतकी वर्सां काय केल्यान, कोण जाणे.’

संप तसा संपलाच नाही. कुणी संपला म्हणूनही सांगितलं नाही. काही गिरण्या चालू झाल्या आहेत, निम्म्याअर्ध्या. आमच्या गिरणीच्या गेटवर जी माणसं परत घ्यायची त्यांची नावं लावतात. मी जाऊन बघून येते, सवयीनं. आयझॅक नाही. आपल्यातल्या कुणाचंच नाही. एक दिवस बघता बघता मला वाटलं, यांच्यातल्या एकाही नावाचा अर्थ मला माहीत नाही, लहू, जगन, दौलत, शामराव. दौलतचा तेवढा कळतो.

तू मला हसणाऱ्या माणसाबद्दल लिहू नकोस. ह्यांची तब्येत तेवढी कळव.

हन्ना


परळ
६ मे १९८४

दिवोरा,

नाही. येणार नाही. परत विचारू नकोस, आणि त्यांना विचारायला लावू नकोस.

चिकाचा हलवा कसा करायचा ते विचारलंयस. तू माझ्याजवळ उभी राहून इतक्या वेळा बघितलास. आठवत नसेल तर करू नकोस.

ह.


परळ
१९ जुलै १९८५

प्रिय दिवोरा,

‘प्रिय’ वाचून घाबरू नकोस. आज मी फार खुशीत आहे आणि का ते तुला चांगलंच माहीत आहे.

तुझे भावोजी मार्चच्या शेवटी परत आले. दारात बॅग ठेवली, म्हणाले, ‘तू येत नाहीस, तर मी आलो.’ मी म्हटलं, ‘तिथं हसू येत होतं ना?’ म्हणाले, ‘येत होतं. पण हसून झालं की मी बाजूला बघायचो, तू हसलीस का ते.’

मी स्टोव्ह पेटवायला वळले. तोंड दिसू नये म्हणून.

आता ते शिवाजी पार्कजवळ एका इमारतीत पहाऱ्यावर आहेत. खुर्ची आहे, सावली आहे. तिथले म्हातारे फिरून आले की ह्यांच्याशी गप्पा मारतात. माग नाही. पण कुणी कुणाला हाकलत नाही तिथं.

आणि त्यांच्यामागून जिना चढून आला तो तुझा मुलगा. वाकून आत आला, आपल्या दाराची चौकट त्याला पुरत नाही. चौदा वर्षांनी. ‘मोठी मावशी’ म्हणाला आणि मला उचललंच. शेवंता ओरडली, ‘अरे पाडशील तिका!’

तू त्याला दोन महिन्यांसाठी पाठवलंस. चार होत आले. तू लिहितेस, तो पत्र का लिहीत नाही. कारण त्याला वेळ नाही, दिवोरा. सकाळी शेवंताचे डबे दादरला पोचवतो. दुपारी माझगावला जातो, तुमची जुनी खोली, आपली शाळा, गोदीच्या भिंतीवर बसून बोटी बघतो. गिरगावात कुठेतरी मिसळ खातो आणि पोट बिघडवून घेतो. त्याचं मराठी ऐकून मला हसू येतं. ते तुझं मराठी आहे, एकाहत्तर सालचं, जसंच्या तसं. आता इकडे पोरंही असं बोलत नाहीत.

एके दिवशी तो मला म्हणाला, ‘मावशी, तू मला बाळ्या का म्हणतेस? सगळे शमुवेल म्हणतात.’

मी सांगितलं त्याला. सगळं. ताट, माडी, मांडी. तू सांगितलं नव्हतंस ना? त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

मग म्हणाला, ‘माझ्या वर्गात पाच शमुवेल होते. बाईंनी हाक मारली की पाच जण उठायचो. मला वाटायचं, आईनं काय हे ढिगातलं नाव उचललं. इथं कुणीतरी ते इतकं जपून ठेवलं होतं?’ आणि म्हणाला, ‘तू ठेवलं असतंस तर घरात काय म्हणाली असतीस?’

मी म्हटलं, ‘शमू.’

‘मग म्हण.’

म्हणते आता. जिन्यावरून ओरडते, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं. शमू!

तू मागच्या पत्रात विचारलंस, ‘तो तुला आई तर म्हणत नाही ना?’ ते वाक्य मी दोनदा वाचलं. खोटं कशाला बोलू, गोड लागलं. म्हणजे तुलाही होतं हे. मला वाटायचं, ते फक्त माझ्याच नशिबी आलंय.

उत्तर देत नाही त्याचं. बस वाट बघत.

तुझी हन्ना


परळ
११ ऑक्टोबर १९८५

दिवोरा,

तुझं पत्र मिळालं. ‘माझा मुलगा परत पाठव.’ बाकी काही नाही, सहीसुद्धा नाही. अक्षर इतकं दाबून लिहिलंस की मागच्या बाजूला उमटलंय. मी बोटानं चाचपून बघितलं. मला वाटलं, हे माझंच पत्र आहे.

ह्यांना दाखवलं. म्हणाले, ‘पाठव त्याला. किती दिवस आणखी?’ मी म्हटलं, ‘मी कुठं बांधून ठेवलंय.’ म्हणाले, ‘हन्ना.’ नुसतं तेवढंच.

तर ऐक. तो मला आई म्हणतो का म्हणून विचारलं होतंस. नाही म्हणत. एकदा तापात म्हणाला होता, पण तो तुलाच हाक मारत होता. मी ओ दिली. तापातल्या माणसाला काय कळतं. पण मला कळत होतं, आणि मी ओ दिली. गोष्टीतली हन्ना पोराला दूध तुटल्यावर देवळात नेऊन ठेवते आणि दर वर्षी त्याच्यासाठी एक लहान अंगरखा शिवून नेते. मला लहानपणापासून वाटायचं, किती मोठ्या मनाची बाई. आता वाटतं, तिला दर वर्षी त्याच्या मापाचा अंदाज कसा यायचा? घरी बसून दुसऱ्यांची पोरं बघून बेतत असेल ती. माझ्यात ते मन नाही. मी तुझ्या पोरावर बेतलं.

त्याला घरची आठवण येते. सांगत नाही, पण तुझ्या स्वयंपाकाच्या गोष्टी काढतो, माझं जेवता जेवता. परवा मी चिकाचा हलवा केला तर म्हणाला, ‘आई यात वेलदोडा जास्त घालते.’ मी म्हटलं, ‘तिला मी शिकवलाय.’ म्हणाला, ‘तरी.’

तो निघायला तयार आहे. मीच त्याला म्हटलं, थांब. म्हटलं, तुझी आई घ्यायला येते आहे.

आता तू म्हणशील, मी कुठं असं लिहिलं? नाही लिहिलंस. मी म्हटलं त्याला. तो खूश झाला. शेवंताला सांगत सुटलाय. दगडू गावाहून तुझ्यासाठी कोकम पाठवतोय.

दिवोरा, आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि तू एक दिवसाची. हे तुला आजीनं सांगितलंय, पण बाराव्या दिवसाचं कुणी सांगितलं नसेल. तुला पाळण्यात घालायचं होतं, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. घरात बायका जमल्या होत्या. मोठी काकू म्हणाली, ‘आईला खाऊन आली. हिचं नाव मारा ठेवा.’ मारा म्हणजे कडू. शास्त्रातल्या नामीनं नवरा-मुलगे गेल्यावर स्वतःला ते नाव घेतलं होतं. एक दोघी ‘बरोबर आहे’ म्हणाल्या. मग आजी म्हणाली, ‘हन्ना ठेवील नाव. वाढवायची हिलाच आहे.’

मी कुणालाही काही विचारलं नाही. तू पाळण्यात होतीस आणि रडत नव्हतीस. नुसती ओठ मिटून गुणगुणत होतीस, बारीक. मशिदीच्या अंगणातल्या चिंचेवर पोळं होतं, त्याखाली उभं राहिलं की तसाच आवाज यायचा. शाळेत शिकवलं होतं, दिवोरा म्हणजे मधमाशी, आणि ती मोठी न्याय करणारी बाई होती. मी वाकले आणि तुझ्या कानात म्हटलं. काकू म्हणाली, ‘शोभत नाही या घराला.’ मी म्हटलं, ‘हीच शोभेल.’ बाबा तेव्हा भिंतीकडून वळले.

मला वाटायचं, मला कधी कुणाचं नाव ठेवायला मिळालं नाही. नुसती लोकांना नावं ठेवत आले. तुझं पत्र बोटानं चाचपत होते तेव्हा आठवलं की असं नाही.

मुलगा मी पाठवत नाही. शमू तुझा आहे, तू येऊन ने. ह्यांनी माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकलीय. तू आल्यावर आपण भांडू, माझ्याकडे अजून बरंच उरलंय. तुझ्याकडेही असेल.

पण आधी ये. जिनं नाव ठेवलं तिनं हाक मारली की यावं लागतं. दिवोरा, ये ग.

तुझी बाय,
हन्ना